बंटीला एकदा विचार

ऑस्लो, १४ जून

प्रिय दादा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "बंटी क्रिकेट सोडतो म्हणतोय, तूच समजाव त्याला." मी हो म्हटलं खरं, पण वहिनीने फोन त्याच्या हातात दिल्यावर तो नुसता "हं आत्या, हं आत्या" करत राहिला आणि माझी जीभ काही रेटेना. म्हणून तुलाच लिहितेय. इथे रात्रीचे साडेदहा वाजलेत, बाहेर अजून उजेड आहे. फोनवर आपण एकमेकांचं बोलणं तोडतो, पत्र तरी तू शेवटपर्यंत वाचशील.

दादा, १९८८ आठवतंय? शाळांच्या हॅरिस शील्ड स्पर्धेत आझाद मैदानावर सचिन आणि कांबळीने ६६४ धावांची भागीदारी केली तेव्हा तू दहा वर्षांचा होतास. ते कात्रण कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतंस. चाळीच्या गॅलरीत मला दिवेलागणीपर्यंत बॉलिंग करायला लावायचास. आणि १९९३ च्या जूनमध्ये, दहावीचं वर्ष म्हणून, बाबांनी तुझं किट माळ्यावर टाकलं. तुला कुणी काही विचारलं नाही. तू गुपचूप जेवलास, क्लासला गेलास. रात्री उशीत तोंड खुपसून रडलास ते मला ऐकू येत होतं. आजवर कधी बोलले नव्हते.

बाबांनी तुला न विचारता थांबवलं. तू बंटीला न विचारता खेळवू नकोस, एवढंच माझं मागणं आहे.

इथे नॉर्वेच्या क्रीडा महासंघाने १९८७ सालीच मुलांच्या खेळाचे नियम केले. कोणता खेळ खेळायचा आणि किती सराव करायचा, हे ठरवण्याचा हक्क मुलाचा. अकरा वर्षांआधी निकालांच्या याद्या नाहीत, क्रमवारी नाही. तू म्हणशील, मग मुलं घडणार कशी? या पंचावन्न लाखांच्या देशाने २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ३९ पदकं मिळवली, सगळ्या देशांत जास्त. बर्फ त्यांच्या दारातच पडतो हे खरं, पण मुलांवर सोडल्याने काही बिघडलं नाही एवढं नक्की.

तरी आमची चिमणी हँडबॉल सोडते म्हणाली तेव्हा माझ्या पोटात गोळा आलाच. मी लगेच भरलेल्या फीचा, नव्या बुटांचा विषय काढला, आणि ती गप्प झाली. आठवड्याने तिच्या बाबाबरोबर भांडी पुसताना तिने आपणहून सांगितलं, की तिला सारखं गोलमध्ये उभं करतात आणि अंगावर येणाऱ्या चेंडूची भीती वाटते. आम्ही प्रशिक्षकांशी बोललो, जागा बदलून मिळाली. तरीही तिला नकोच होतं. संघात मुली कमी म्हणून हंगाम पुरा केला, प्रशिक्षकांना स्वतः जाऊन सांगितलं आणि सोडलं. शनिवारी सकाळी मला अजून चुकल्यासारखं होतं. तिला नाही होत.

बंटीला नक्की काय नकोय, ते आपल्याला कुठे ठाऊक आहे? खेळ, की मुलुंडहून पहाटेच्या लोकलमध्ये किटबॅग घेऊन चढणं? सरांचा आवाज? की आउट होऊन आल्यावर दादरपासून घरापर्यंत तुझं न बोलणं? शेवटचं लिहिताना हात अडखळला, पण लिहिते. हे त्याला नेट्सवरून येताना विचारू नकोस, आईसमोरही नको. दोघंच वडापाव खायला जा आणि तो बोलेपर्यंत थांब.

आता पावसात नेट्स तसेही बंद असतील. गणपतीपर्यंत त्याला वेळ दे, मधे विषय काढू नकोस. एखाद्या मॅचसाठी नाव आधीच गेलं असेल तर ती मात्र त्याने खेळावी, बाकीची दहा मुलं त्याच्या भरवशावर असतात. मग तो जे म्हणेल ते. सोडायचं ठरलं तर सरांना त्याने सांगावं, तू फक्त शेजारी उभा राहा. बारा वर्षांच्या पोराला ते जड जाईल, तू असलास की जमेल.

आणि दादा, तो नाही म्हणाला तरी त्याचं किट माळ्यावर टाकू नकोस. दाराशी, चपलांच्या कपाटाजवळ राहू दे.

आईच्या गुडघ्याचं कळव. वहिनीला नमस्कार.

तुझी,
छोटी