पालमचे विमान संग्रहालय: वार आधी बघा

महोदय,
दिवाळीच्या सुट्टीत नागपुरातून बरीच कुटुंबे दिल्लीला जातात. पालमचे वायुसेना संग्रहालय त्यांच्या यादीत असावेच. फक्त आखणी उलटी करावी. आधी संग्रहालयाचा वार, मग रेल्वेचे आरक्षण. सोमवारी आणि मंगळवारी ते बंद असते. शनिवारी रात्री गाडीत बसणाऱ्यांचा रविवार प्रवासाचा शीण काढण्यात जातो आणि सोमवारी फाटक बंद! त्यापेक्षा गुरुवारी रात्री निघून शनिवारी सकाळी पालम गाठावे. डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या तासन्‌तास रखडतात, म्हणून पोहोचण्याच्या दिवशीच भेट ठेवू नये.

परिसर वायुसेना तळाचा आहे. मोठ्यांनी मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे, मोठ्या बॅगा मुक्कामीच ठेवाव्यात. मोठी विमाने उघड्यावर आहेत, ती सकाळीच बघावीत. दुपारी काँक्रीट तापते आणि मुले किरकिर करतात. हँगर उन्हाच्या वेळेसाठी राखावा. तिथे वापिटी हे जुने विमान आहे. 1933 मध्ये वायुसेनेची पहिली तुकडी याच जातीच्या विमानांवर उभी राहिली. नॅट हे लढाऊ विमान एवढेसे का, हे मुले विचारतीलच. तेव्हा वैमानिक निर्मलजितसिंग सेखों यांनी नॅटमधूनच दिलेली 14 डिसेंबर 1971 ची श्रीनगरवरची झुंज सांगावी. वायुसेनेचे एकमेव परमवीरचक्र त्यांचेच. सगळ्याला तीन तास धरावेत. घाईघाईत नुसते फोटो काढायचे असतील, तर एवढ्या लांब जाऊच नये.

— एक वाचक, नागपूर