मातीच्या उत्प्रेरकांना वाफेची परीक्षा सक्तीची करा

मा. पेट्रोलियम मंत्री महोदय,

सादर नमस्कार.

जड तेलाचे हलके इंधन करणाऱ्या मातीच्या उत्प्रेरकांवर मी बरीच वर्षे काम करतो आहे. या संशोधनाला अनुदान देताना आपण एक अट घालावी, एवढ्यासाठीच हे पत्र. कोणताही नमुना आधी वाफेत तावावा, मग खऱ्या रेसिड्यूवर, म्हणजे शुद्धीकरणात तळाशी उरणाऱ्या जड तेलावर, चालवावा आणि त्यानंतरच त्याला यशस्वी म्हणावे.

माती या कामात नवखी नाही. १९३०च्या दशकात फ्रेंच अभियंते यूजीन हूड्री यांनी उत्प्रेरक वापरून क्रॅकिंगचा, म्हणजे तेलाचे मोठे रेणू तोडण्याचा, उद्योग उभा केला, तो आम्लाने प्रक्रिया केलेल्या मातीवरच. पुढे कृत्रिम सिलिका-अ‍ॅल्युमिना आले, १९६०च्या दशकात झिओलाइट, म्हणजे सूक्ष्म छिद्रांचे स्फटिक, आले आणि माती मागे पडली. पण झिओलाइट वाय या प्रकाराच्या छिद्राचे तोंड जेमतेम ०.७४ नॅनोमीटरचे, जड तेलातले अवाढव्य रेणू दारातच अडतात. म्हणून मॉन्टमोरिलोनाइट या थराथरांच्या मातीच्या थरांमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे खांब उभे करायची कल्पना पुढे आली. खांबांची उंची आणि त्यांच्यातले अंतर बऱ्याच अंशी आपल्या हातात असते, हे तिचे मोठे बळ.

ही माती करायला चिकाटी लागते. खांब घालतानाच्या द्रावणातले क्लोराइड निघेपर्यंत ती धूत राहायचे. चिखलातून पाणी उतरता उतरत नाही. दर धुण्यानंतर गाळलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायचा. पाणी दुधाळ झाले की पुन्हा धुवायचे. थेंब टाकूनही पाणी नितळ राहते, त्या दिवशी फार बरे वाटते.

असाच माझा एक नमुना क्युमीनवर, म्हणजे चाचणीसाठी वापरतात त्या साध्या, शुद्ध द्रवावर, उत्तम चालला. अहवाल मंजूर झाला, प्रकल्प संपला. वाफेत काय होते, हे समितीत कोणी विचारले नाही आणि मीही लिहिले नाही, याची खंत आहे. नंतर तोच नमुना ७०० अंशांच्या वर वाफेत ठेवला. क्ष-किरण आलेखातले, थरांमधले अंतर दाखवणारे १.८ नॅनोमीटरचे शिखर गायब! खांब कोसळले होते.

कारखान्यात हेच रोज घडणार. उत्प्रेरकावर बसलेला कोक, म्हणजे कार्बनचा थर, रिजनरेटर या भट्टीत जाळताना तापमान ७०० अंशांच्या आसपास जाते, वाफही असतेच. वर जड तेलातले व्हॅनेडियम उत्प्रेरकाची रचना पोखरते आणि निकेलमुळे कोक वाढतो. स्वच्छ क्युमीनवरच्या तासाभराच्या प्रयोगात यातले काहीच दिसत नाही.

ही परीक्षा एकेकट्या प्रयोगशाळेच्या आवाक्याबाहेरची आहे. त्यासाठी सर्वांना वापरता येईल असे एक पायलट युनिट सरकारने उभारावे. तिथे प्रत्येक नमुना सारख्याच वाफेतून, सारख्याच निकेल-व्हॅनेडियमच्या माऱ्यातून जावा. जे नमुने टिकणार नाहीत, त्यांचेही आकडे प्रसिद्ध व्हावेत. कोणते खांब किती तापमानाला कोसळले, हे कळले तर पुढच्या माणसाला तीच माती पुन्हा धूत बसावे लागणार नाही.

आपला,
एक उत्प्रेरक-संशोधक