चारा छावणीच्या मुलाखती खुल्या करण्याविषयी मित्रास पत्र

पुणे

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. माण आणि खटाव तालुक्यांतील चारा छावण्यांवर तू घेतलेल्या मुलाखती, कुटुंबांच्या याद्या आणि जनावरांच्या नोंदी सर्व विद्याशाखांच्या संशोधकांसाठी खुल्या कराव्यात, असा आग्रह तुझ्या विभागाने धरला आहे आणि तुला त्याची धास्ती वाटते. ज्याने छावणी कधी पाहिली नाही असा एखादा अर्थशास्त्रज्ञ किंवा संख्याशास्त्रज्ञ त्यातून भलताच अर्थ काढील, असे तू लिहितोस. ही धास्ती अनाठायी नाही. तरीही माझे मत आधीच सांगतो : माहिती खुली कर, मात्र परक्या विद्याशाखेतला वाचक डोळ्यांपुढे ठेवून तिची नीट ओळख लिही आणि मगच खुली कर. नुसत्या फाइली कोठेतरी चढवून ठेवल्यास तुझी भीती खरी ठरेल.

माहिती खुली केल्याने काय होते, याचे उदाहरण तुझ्या जवळचेच आहे. तू सोलापूरचा, त्यामुळे तुझ्या जिल्ह्यातील शिरापूर आणि कलमण ही गावे तुला नव्याने सांगायला नकोत. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे असलेल्या इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीच्या संशोधन संस्थेने १९७५ साली ही दोन गावे, अकोला जिल्ह्यातील कंझरा आणि किनखेड, आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील महबूबनगर जिल्ह्यातील औरेपल्ली आणि डोकूर, अशी सहा गावे निवडली. प्रत्येक गावातून चाळीस कुटुंबे घेतली, त्यांपैकी तीस जमीन कसणारी आणि दहा भूमिहीन मजुरांची. गावाची भाषा बोलणारा, शेतीचे अर्थशास्त्र शिकलेला एक अन्वेषक त्या गावातच मुक्कामाला राहत असे आणि दर तीन-चार आठवड्यांनी घरोघरी जाऊन पेरणी, मजुरी, उसनवारी आणि खरेदी-विक्री यांच्या नोंदी करीत असे. ही पहिली फेरी सुमारे दहा वर्षे चालली. नवी वाणे आणि नव्या पद्धती शेतकऱ्याला का परवडतात आणि का परवडत नाहीत, हे पीकशास्त्रज्ञांना कळावे, एवढाच मूळ हेतू होता.

पुढे याच नोंदी बाहेरच्या संशोधकांच्या हाती गेल्या आणि त्यांतून जे निघाले, त्याचा विचार नोंदवह्या आखताना कोणी केला असेल असे मला वाटत नाही. मार्क रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क या अर्थशास्त्रज्ञांनी १९८९ साली दाखवले की ज्या कुटुंबांचे शेतीचे उत्पन्न अधिक बेभरवशाचे, ती कुटुंबे लेकी दूरच्या गावी देतात, आणि अशा सोयरिकींमुळे वाईट वर्षातही घरातील खाण्यापिण्याची ओढाताण कमी होते. रोझेनझ्वाइग आणि केनेथ वोल्पिन यांनी १९९३ साली याच गावांच्या आधारे बैलांची खरेदी-विक्री अभ्यासली : उत्पन्न घटले की शेतकरी बैल विकून वेळ निभावतो आणि पुढच्या हंगामात औताला बैल कमी पडतात. सुधाकर, तुझ्या छावणीचा प्रश्न नेमका येथे येऊन भिडतो. जनावर पडत्या भावात विकावे लागू नये, हेच छावणीचे मोठे काम. २०१२-१३ च्या दुष्काळात कोणी जनावर छावणीत नेले, कोणी विकले, छावणीत राहायला घरातले कोण गेले आणि मागे शेतावर कोण उरले, हे तुझ्या मुलाखतींत आहे. वोल्पिन यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञाला बैल विकल्याची नोंद दिसते. विकण्याआधी घरात झालेली बोलणी तुझ्याकडे आहेत. हे दोन्ही शेजारी ठेवायला कोणाला मिळालेच नाही, तर तोटा दोन्ही शास्त्रांचा आहे.

चुकीच्या अर्थाविषयीही याच गावांकडे पाहू. रॉबर्ट टाउनसेंड या अर्थशास्त्रज्ञाने १९९४ साली औरेपल्ली, शिरापूर आणि कंझरा यांच्या नोंदींवरून असे मांडले की एखाद्या घराचे उत्पन्न वर-खाली झाले तरी त्या घराचा उपभोग, म्हणजे खाणेपिणे आणि घरखर्च, बराचसा गावाच्या सरासरीबरोबर चालतो, म्हणजे गाव एकमेकांना बऱ्याच अंशी सावरून धरते. तीन वर्षांनी मार्टिन रॅव्हालियन आणि शुभम चौधुरी यांनी त्याच नोंदी पुन्हा तपासल्या आणि उपभोग ज्या रीतीने मोजला होता तिच्यावरच बोट ठेवले. वेगळ्या रीतीने मोजल्यावर घराच्या स्वतःच्या उत्पन्नाचा परिणाम अधिक ठळक दिसू लागला आणि सावरून धरणे अपुरे ठरले. ही दुरुस्ती होऊ शकली याची कारणे दोन : नोंदी दुसऱ्यांना उपलब्ध होत्या, आणि कोणता आकडा कशातून काढला आहे हे शोधता येत होते. नोंदी कपाटात राहिल्या असत्या तर पहिला निष्कर्षच पाठ्यपुस्तकांत कायम झाला असता. परक्या माणसाच्या चुकीच्या वाचनावर दुसऱ्या परक्या माणसाची तपासणी हाच उपाय मला दिसतो, आणि कुलूप लावल्याने ती तपासणीच बंद पडते.

आता वर्णनाविषयी. आपल्या शास्त्रात जे सांगायचीही गरज नसते, तेच दुसऱ्या शास्त्रातील माणसाला नेमके ठाऊक नसते. भारतीय हवामान खात्याच्या दैनिक नोंदीत एखाद्या तारखेपुढे लिहिलेला पाऊस हा त्या दिवशी सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांचा असतो. हवामानशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे पहिल्याच वर्षी कळते. मजुरीच्या रोजनिशीशी पाऊस जोडू पाहणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाला ते कोणी सांगितले नाही, तर त्याचा सगळा हिशेब एक दिवस सरकतो आणि तरीही आकडे दिसायला बिनचूक दिसतात. तसेच, २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला तरच तो दिवस पावसाचा म्हणून मोजला जातो. रिमझिमीने पेरणी अडलेला दिवस त्यात येईलच असे नाही.

तुझ्या याद्यांत असे किती तरी असणार. ‘जनावरे : सहा’ असे लिहिले असेल तर त्यांत वासरे धरली आहेत का? छावणीत मोठ्या आणि लहान जनावराला चारा वेगवेगळ्या मापाने मिळत असे, त्यामुळे पशुआहाराच्या अभ्यासकासाठी हा फरक कळीचा आहे. छावणीत राहणारा मुलगा आणि गावात राहिलेली सून यांना तू एकाच कुटुंबात मोजलेस की दोन? मुलाखतीच्या वेळी छावणीचा चालक जवळ उभा होता का? हे सगळे तुझ्या डोक्यात आहे आणि कागदावर नाही. खुल्या डेटाचे बहुतेक कष्ट येथेच आहेत, आणि आपल्या विद्यापीठांत या कष्टांना ना वेळ दिला जातो, ना श्रेय. याची मला मनापासून चीड येते.

प्रत्येक शास्त्राची रीत निराळी असते, हेही ध्यानात घे. मानवी जनुकांचा आराखडा वाचणाऱ्या संशोधकांनी १९९६ साली बर्म्युडा येथे ठरवले की जुळवलेला क्रम चोवीस तासांत खुला करायचा. आपल्या नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीची रीत वेगळी : निरीक्षण करणाऱ्याला अठरा महिने राखून ठेवलेले असतात, मग ती निरीक्षणे सर्वांना मिळतात. तेथे २०१० ते २०१२ या काळात केलेल्या आकाश-सर्वेक्षणाची निरीक्षणे दुसऱ्या एका गटाने नव्या पद्धतीने पुन्हा प्रक्रिया करून २०१७ साली सहा लाखांहून अधिक रेडिओ स्रोतांची यादी प्रसिद्ध केली. तुझे पुस्तक अजून व्हायचे आहे, तेव्हा दोन वर्षांची राखीव मुदत मागण्यात गैर काहीही नाही. विभागाला तसे स्पष्ट लिही.

मुलाखतींबाबत मात्र मी तुझ्याहूनही सावध आहे. नावे गाळली म्हणजे माणूस लपला, असे होत नाही. अमेरिकेत लटान्या स्वीनी या संगणकशास्त्रज्ञ बाईंनी १९९० च्या दशकात जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड यांच्या आधारे मतदारयादीशी ताळा घालून, नावे गाळलेल्या वैद्यकीय नोंदींतून मॅसॅच्युसेट्सच्या तत्कालीन गव्हर्नरांची नोंद शोधून काढली होती. माणमधल्या लहान वस्तीवर तर जात, जमिनीचे क्षेत्र आणि गाईंची संख्या एवढ्यावर शेजारी घर ओळखील. ज्यांनी छावणी-चालकाविरुद्ध तुझ्याजवळ विश्वासाने सांगितले, त्यांना त्याचा त्रास होता कामा नये. म्हणून कुटुंबांचे आकडे गावाचे नाव न देता, तालुक्याच्या पातळीवर खुले कर. संपादित लेखी मुलाखती, ज्याने हेतू लेखी कळवला आहे अशाच संशोधकाला दे. आणि आवाजाच्या फिती बंदच ठेव. इंग्लंडमध्ये एसेक्स विद्यापीठात १९९४ पासून मुलाखतींसारख्या गुणात्मक सामग्रीच्या जतनाचे काम याच विचाराने चालत आले आहे, त्यामुळे तू काही जगावेगळे मागत नाहीस. ज्या कुटुंबांनी फक्त तुझ्या अभ्यासासाठी होकार दिला होता, त्यांना पुन्हा जाऊन विचारणे आवश्यक आहे. फोनवर ते उरकू नकोस.

एक तांत्रिक गोष्ट राहिली. तुझ्या आरंभीच्या मुलाखती श्रीलिपी या जुन्या मराठी टंकात टंकलेल्या आहेत. त्या युनिकोड या सर्व संगणकांना समजणाऱ्या अक्षर-पद्धतीत आणल्याशिवाय दुसऱ्याच्या संगणकावर निरर्थक चिन्हेच उमटतील आणि शोधही घेता येणार नाही. रूपांतरात जोडाक्षरे बिघडतात, म्हणून माण भागातील बोली कळणाऱ्या विद्यार्थ्याकडूनच ती तपासून घे. माहिती ठेवण्यासाठी सर्न या युरोपातील भौतिकशास्त्र संशोधन संस्थेने २०१३ पासून चालवलेले झेनोडो हे संशोधन-सामग्रीचे ऑनलाइन भांडार मला योग्य वाटते : तेथे विनामूल्य कायमचा क्रमांक मिळतो, त्यामुळे वापरणाऱ्याला तुझा उल्लेख करता येतो, आणि एखादा भाग बंद किंवा मुदतीपुरता राखीवही ठेवता येतो.

पुढच्या महिन्यात मला सवड आहे. आधी फक्त रकान्यांची यादी आणि प्रत्येक रकान्यापुढे दोन-तीन ओळींचा खुलासा एवढेच पाठव, मुलाखती नकोत. ती यादी मी पशुवैद्यक महाविद्यालयातील एका परिचितांना वाचायला देईन; त्यांचा छावणीशी संबंध नाही, म्हणूनच त्यांना. ते जेथे जेथे अडतील तेथे खूण करून कागद तुला परत पाठवतो.

वहिनींना नमस्कार सांग. कळावे, लोभ असावा.

तुझा,
श्रीधर