ग्राउंडवाल्या काकांना, त्या ३८ रन्ससाठी

काका,

तुमचं नाव मी इथं लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहितीय. आणि तसंही आम्ही सगळे तुम्हाला काकाच म्हणायचो, पोरं तर म्हणायचीच पण त्यांच्या आयासुद्धा, म्हणजे मी चाळिशीतली बाई आणि तुम्ही माझ्याहून फार तर पंधरा वर्षांनी मोठे, तरी काकाच. तुमच्याकडे बटणाचा फोन, त्यामुळं हे तुम्ही स्वतः वाचणार नाही. कुणीतरी वाचून दाखवेल. रोलर बाजूला ठेवून ऐका जरा.

मागच्या रविवारी क्लबचा तो कार्यक्रम झाला ना, तिथून मी अर्ध्यातून उठून गेले. तुम्ही बघितलं असेल, तुम्ही मागं खुर्च्या लावत होता. स्टेजवर भाषण चालू होतं की महामारीच्या कठीण काळातसुद्धा आम्ही मुलांचं क्रिकेट जिवंत ठेवलं वगैरे. शाल, श्रीफळ, टाळ्या. मी गाडीत जाऊन बसले आणि रडले, रागानं रडले खरं तर. कारण "आम्ही" म्हणजे कोण हे मला नीट आठवतंय.

"आम्ही" म्हणजे ज्यांनी ग्रुपवर एक मेसेज टाकला, सीझन सस्पेंडेड, अपडेट कळवू, आणि मग ग्रुपची सेटिंग बदलून ठेवली की फक्त अॅडमिनच लिहू शकेल. वर्षाची फी आधीच घेतलेली. पोरांच्या किट बॅगा त्या खोलीत कुलपात, चावी कुणाकडे विचारलं तर तीन लोकांनी एकमेकांची नावं सांगितली, आणि चार महिन्यांनी खोली उघडली तेव्हा ग्लोव्ह्जना आतून हिरवी बुरशी. मग ऑनलाइन कोचिंग! पोरगं हॉलमध्ये मोबाईलसमोर बॅट घेऊन उभं, तिकडून सर म्हणतायत एल्बो वर, एल्बो वर, आणि इकडं सरांचाच चेहरा अडकलेला. शेवटी आम्हीच मोज्यात बॉल घालून तो गॅलरीत टांगला आणि लेकानं दिवसभर ठोक ठोक सुरू केलं, खालच्या मजल्यावरच्यांनी दोनदा वर येऊन दार वाजवलं. ते परवडलं पण ती झूम मीटिंग नको असं झालेलं. बरं, सरांचं समजू शकते मी, त्यांचाही पगार अर्धा झाला होता म्हणे. पण ज्यांच्या हातात होतं त्यांनी निदान फोन तरी उचलायचा.

असो. पत्र तुम्हाला आहे, त्यांना नाही.

ती मॅच १४ मार्च २०२०ची, शनिवार. त्याच आठवड्यात बुधवारी जागतिक आरोग्य संघटनेनं महामारी जाहीर केलेली, आणि शुक्रवारी सिडनीत ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड वनडे रिकाम्या स्टेडियममध्ये झालेली, सिक्स गेला की खेळाडू स्वतःच खुर्च्यांमधून बॉल शोधत फिरत होते. आमच्याकडे सगळे त्यावर हसत होते! माझे सासरे तर म्हणाले, अरे यांना आता कळलं आपण लहानपणी कसं खेळायचो ते. सासरे नेहमीप्रमाणं तुमच्या स्कोअरबोर्डच्या खाली बसलेले. नातवाची एक मॅच त्यांनी चुकवली नव्हती, आणि मॅच बघण्यापेक्षा तुमच्याशी पिचवरून वाद घालायलाच त्यांना जास्त मजा यायची, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय.

आपल्याला ११९ हवे होते. १६ ओव्हर झाल्या, ९१ वर ४, म्हणजे २४ बॉलमध्ये २८. लेक ३८ वर खेळत होता आणि समोर त्याचा दोस्त ९ वर. तेवढ्यात ऑफिसमधून कुणीतरी धावत आलं, शाळा आजपासून बंद, सगळ्यांना घरी पाठवा. पोरांना वाटलं आठ दिवसांची सुट्टी. लेकानं पॅडसुद्धा नीट काढले नाहीत, म्हणाला पुढच्या शनिवारी इथूनच सुरू करू.

पुढचा शनिवार आलाच नाही.

त्यानंतरचे महिने मी सांगत बसत नाही, सगळ्यांनी आपापल्या घरात ते काढलेत. आमच्या घरात एक माणूस कमी झालं. सासरे गेले, आणि शेवटचं बघायलाही कुणाला मिळालं नाही. लेक रडला नाही, काही बोलला नाही, बॅट उचलून पलंगाखाली सरकवली आणि टांगलेला मोजा काढून टाकला. खालच्यांची तक्रार बंद झाली. ती ठोक ठोक बंद झाल्यावर घर इतकं शांत झालं की मला वाटायचं, या आता वर, वाजवा दार.

तो फक्त टीव्हीवर बघायचा. जुलैमध्ये साउदॅम्प्टनला इंग्लंड-वेस्ट इंडिजची टेस्ट सुरू झाली, लोक नाहीत पण गर्दीचा आवाज टेप करून लावलेला. बॉलला थुंकी लावायची नाही असा नवा नियम आलेला, दोनदा समज आणि मग पाच रन्सची पेनल्टी, हे सगळं त्यानंच मला सांगितलं, तेवढंच काय ते बोलणं व्हायचं. मग आयपीएल यूएईला गेली. मोठ्यांच्या क्रिकेटला बाहेरच्या कुणाशी संपर्कच नाही असा बायो-बबल मिळाला, विमानं मिळाली, हॉटेलं मिळाली, माझं त्यावर काही म्हणणं नाही, करमणूक आम्हालाही हवीच होती. पण ऑस्ट्रेलियातला २०२०चा टी-ट्वेंटी वर्ल्ड कप पुढं ढकलला आणि तो २०२२ला झाला, तसं पोराचं अंडर-सिक्स्टीन नाही हो ढकलता येत. ते वय एकदाच येतं, कट-ऑफची तारीख आली की संपलं. त्याच्या बॅचच्या सात पोरांचं ते शेवटचं वर्ष होतं आणि त्याबद्दल क्लबमधून एका ओळीचं पत्र नाही, सॉरी नाही, काही नाही.

अकरा महिन्यांनी ग्राउंड उघडलं. चार-चार पोरांची बॅच, मास्क, पालकांनी गेटच्या बाहेर. लेक यायला तयार नव्हता. त्याला मी जवळजवळ ओढतच आणलं, म्हटलं नुसता चालून ये, बॅट नको नेऊस हवं तर. बॅट त्यानं घेतली.

गेटमधून मला पहिल्यांदा पिच दिसलं. मला वाटलेलं गुडघाभर गवत असेल, भेगा पडल्या असतील, अकरा महिने कोण बघतंय. आणि इथं बघते तर पिच शिस्तीत कापलेलं, रोलर फिरलेला, आणि दोन्हीकडं ताज्या फक्कीच्या क्रीजच्या रेघा, अगदी पांढऱ्याशुभ्र. नंतर कळलं की तुम्ही दर शनिवारी मारत होता फक्की. मॅच नाही, पोरं नाहीत, कुणी सांगितलेलं नाही. माती थोडी ओली असतानाच रोलर फिरवावा लागतो नाहीतर बसत नाही, एक सीझन सोडलं तर पिच परत उभं करायला दोन लागतात, हे तुम्ही सासऱ्यांना समजावून सांगायचा ते मी शंभर वेळा ऐकलेलं. पण ज्या पिचवर कुणी खेळणारच नाही त्याला रोलर फिरवणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

आणि मग मी वर बघितलं.

बोर्डवर ९१ होते. ४ विकेट. १६ ओव्हर. खाली ३८ आणि ९.

तो पत्र्याचा बोर्ड, खिळ्यावर अडकवायच्या पाट्या, वारं आलं की दोन-चार खाली पडतात हे आम्हाला माहितीय, मॅच चालू असताना पण पडायच्या. अख्खा पावसाळा गेला त्यावरून. पाट्यांना गंज चढलेला, ३ चा रंग अर्धा उडालेला, पण आकडा एक हललेला नव्हता. म्हणजे पडल्या की तुम्ही परत लावत होता. दुसऱ्या ९ ची पाटी तर आपल्याकडे नाहीच, ६ उलटा लावतो आपण, तो उलटा सहासुद्धा तसाच उलटा! (नंतर तुमच्या मदतनिसानं सांगितलं की मधे कुणीतरी फोन करून पाट्या काढून आत ठेवा म्हणून सांगितलेलं, तुम्ही हो म्हणालात आणि काढल्या नाहीत. हे मला सगळ्यात आवडलं.)

काका, ते ३८ म्हणजे माझ्या सासऱ्यांनी बघितलेले शेवटचे रन्स होते. तुम्हाला ते माहीत होतं का हे मी कधी विचारलं नाही. माहीत असणारच. तुम्ही दोघं बोर्डखालीच तर बसायचा.

लेक क्रीजवर गेला तेव्हा तुम्ही अंपायरच्या जागी उभे होता, आणि तुम्ही काय बोललात ते मला बाहेरून ऐकू आलं नाही, त्यानंच रात्री सांगितलं. कसा आहेस नाही, फार वाईट झालं रे नाही. तुम्ही म्हणालात, "३८ वर आहेस. मिडल-लेग ना तुझा?" अकरा महिन्यांनी तुम्हाला त्याचा गार्ड, म्हणजे स्टंपसमोर तो बॅट कुठं धरतो ते, लक्षात. त्यानं मान हलवली, बॅट उभी धरली, तुम्ही हात हलवून नीट गार्ड दिलात, त्यानं बुटानं खूण केली. मला गेटवरून एवढंच दिसलं की त्याचे खांदे खाली आले. अकरा महिने ते कानाला लागले होते.

त्याचा तो दोस्त नव्हता. त्या कुटुंबाला मधल्या काळात गाव सोडून जावं लागलं. त्यावरून एका पोरानं विचारलं की काका मग ९ काढू का, तर तुम्ही केवढ्यानं ओरडलात, ते मात्र मला गेटवर ऐकू आलं, "हात लावायचा नाही. तो रिटायर्ड, नॉट आउट."

बॉलिंगला धाकट्या बॅचमधला एक पोरगा. पहिल्या बॉलच्या आधी सवयीनं बोट जिभेवर नेलं तर तुम्ही परत ओरडलात, थुंकी नाही! पहिला बॉल सोडला. दुसऱ्या बॉलला क्लीन बोल्ड, मिडल स्टंप, पार आडवा. मी गेटचे गज धरून उभी, पोटात गोळा, म्हटलं झालं, आता हा परत पलंगाखाली जाणार. आणि लेक हसत होता. मास्क गळ्यात, बॅट काखेत, हसत हसत परत येतोय. तुम्ही बोर्डकडे गेलात, ४ काढून ५ लावला, आणि ३८ ला हात लावला नाहीत.

रात्री झोपताना तो मला म्हणाला, "बरं झालं आई. एकपण रन वाढला नाही. आजोबांनी अख्खी इनिंग बघितली."

मग तो रडला. अकरा महिन्यांचं एकदम.

यासाठी मी तुमचे आभार मानायचे राहून गेले, काका. पाच वर्षं राहून गेले. कारण काय म्हणून मानणार, तुम्ही बोर्डवरच्या पाट्या काढल्या नाहीत म्हणून? ऐकणारा म्हणेल ही बाई वेडी आहे. त्या काळात ऑक्सिजन देणारी, रात्र-रात्र जागणारी माणसं होती, त्यांच्यापुढं या पाट्या काय. पण मला आता असं वाटतं की बरीच चांगली माणसं अशीच असतात, ती काही वेगळं करत नाहीत, आपलं जे काम आहे ते कुणी बघत नसतानाही तसंच करत राहतात, दर शनिवारी फक्की मारतात. आणि बाकीचे भाषणं करतात. नंतर एकदा मी विषय काढायला गेले तर तुम्ही म्हणालात, मॅच संपली नव्हती, काढणार कशाला. आणि मग कुणीतरी स्पाइक्स घालून पिचवरून गेलं म्हणून त्याच्या अंगावर धावलात. विषय संपला.

या महिन्याअखेर तुम्ही रिटायर होताय हे मला त्या रविवारी कळलं, तेसुद्धा स्टेजवरून नाही, खुर्च्या उचलणाऱ्या पोरांकडून. निरोप समारंभ वगैरे काही ठरलेलं दिसत नाही. त्या सातपैकी पाच पोरं येतायत शनिवारी सकाळी, लेकपण येतोय, आता फक्त रविवारी टेनिस बॉलनं खेळतो पण येतोय. शाल आणणार नाही, घाबरू नका. नवीन पाट्या करून घेतल्यात, खरे दोन ९ आहेत त्यात.

आणि अजून एक. लेकाच्या त्या दोस्ताच्या आईचा परवा फोन आला होता, तोपण येतोय म्हणाली, रात्रीच्या गाडीनं. त्यानं विचारलंय, त्याचा ९ अजून आहे का. मी त्याला सांगितलंय की असणार. तर नवीन पाट्या राहू द्यात जरा वेळ, तो जुना सहा शोधून ठेवा.