आई-बाबांना फ्रायबुर्गहून

फ्रायबुर्ग, २८ सप्टेंबर

तीर्थरूप आई-बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

फोनवर आपले रोजचे बोलणे होते, तरी हे पत्र मुद्दाम सविस्तर लिहीत आहे, कारण यातले काही मुद्दे बाबांना पुन्हा पुन्हा वाचून पाहता यावेत असे आहेत. मागच्या वेळी तुम्ही जुलैत आलात आणि मोठमोठी शहरे दाखवण्याच्या नादात मी तुम्हाला दोघांनाही दमवले. उन्हाने बाबा बेजार झाले, आईचा गुडघा सुजला आणि तिने ते तीन दिवस मला सांगितलेसुद्धा नाही. ती गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही. म्हणून या वेळी आधी मी एकटीच चार दिवस इथे येऊन राहिले आणि हे शहर तुमच्या चालीने फिरून पाहिले. पुढच्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी तुम्ही यावे, आणि सारा वेळ याच एका गावी राहावे, असे मला मनापासून वाटते.

फ्रायबुर्ग हे जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, ब्लॅक फॉरेस्टच्या पायथ्याशी वसलेले शहर आहे. फ्रँकफर्टहून रेल्वेने दोन-सव्वादोन तास लागतात. लोकसंख्या सव्वादोन ते अडीच लाखांच्या दरम्यान, म्हणजे विद्यापीठ, मोठे रुग्णालय, ट्राम हे सगळे आहे आणि तरीही जुने गाव पायी फिरता येते. स्टेशनपासून मुख्य चर्चच्या चौकापर्यंत मला बारा मिनिटे लागली. परत येताना मी वाटेतल्या बाकांवर थांबत, आईच्या वेगाने आले, तेव्हा पंचवीस मिनिटे झाली. चालवेनासे झाले तर ट्राम जुन्या गावाच्या मधोमध, थेट जुन्या वेशीच्या कमानीखालून जाते आणि तिच्यात चढायला उंच पायऱ्या लागत नाहीत.

बाबा, तुम्हाला इथे यायला लावणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. या शहराच्या रस्त्यांच्या कडेने पाट वाहतात. मी हा शब्द उपमा म्हणून वापरत नाही. वीतभर ते हातभर रुंद, चार-सहा बोटे खोल, दगडाने बांधून काढलेले हे उघडे पाट द्रायझाम नदीचे पाणी घेऊन जुन्या गावातल्या गल्ल्यागल्ल्यांतून फिरतात. इथले लोक त्यांना ‘बेख्ले’, म्हणजे छोटे ओहोळ, म्हणतात. त्यांचे अस्तित्व तेराव्या शतकापासून नोंदलेले आहे. आग लागली तर पाणी हाताशी असावे आणि जनावरांना प्यायला मिळावे, हा त्यांचा हेतू होता, आणि त्यांत घाण टाकण्यास तेव्हाही मनाई होती. पूर्वेकडच्या श्वाबेनटोर या वेशीपासून पश्चिमेकडे जमीन हलकेच उतरत जाते आणि केवळ त्या उतारावर सगळे पाणी खेळते. कुठे पंप नाही की उपसा नाही. पाटबंधारे खात्यात तुम्ही उभी हयात घालवली, पाण्याचा उतार नजरेने ओळखायला तुम्हीच मला शेताच्या बांधावर उभे राहून शिकवले, म्हणून मी एका चौकात बराच वेळ थांबून पाणी कसे वाटले जाते ते पाहिले. एका ठिकाणी मुख्य धार दोन गल्ल्यांत विभागली जाते आणि तिथे दगडाच्या खाचेत एक फळी उभी बसवलेली होती. आपल्याकडे दारे धरताना करतात तसेच. हे पाट साफ ठेवण्यासाठी नगरपालिकेची वेगळी माणसे आहेत. लांब दांड्याचा झाडू घेऊन गाळ पुढे ढकलत जाणारा असा एक जण मला सकाळी दिसला आणि पाटकऱ्यांची आठवण झाली. लहान मुले दोरीला बांधलेल्या लाकडी होड्या या पाण्यातून ओढत चालतात. इथे अशी समजूत आहे की परक्या माणसाचा पाय चुकून पाटात पडला तर त्याचे लग्न याच गावातल्या माणसाशी होते.

आई, तुझ्यासाठी मात्र हाच पाट काळजीचा आहे. अनेक गल्ल्यांत फरसबंदी बारीक दगडांची आहे, पाऊस पडला की ती निसरडी होते, आणि दुकानांकडे बघत चालणाऱ्या माणसाला कडेचा पाट लक्षात येत नाही. काठी आणि रबरी तळव्याचे बूट या दोन्ही गोष्टी लागतील, त्याबद्दल वाद नको. पण खाली पाहत चालण्यातही इथे आनंद आहे, कारण ऱ्हाइन नदीतले गोटे फोडून त्यांची चित्रे दुकानांसमोरच्या फरसबंदीत बसवलेली आहेत.

मुख्य चर्चला इथे म्युन्स्टर म्हणतात. तांबूस दगडाचा त्याचा मनोरा ११६ मीटर उंच असून तो १३३० च्या सुमारास पुरा झाला. त्याचे टोक दगडी जाळीचे आहे, त्यातून आकाश दिसते. वर चढण्याचा विचार आपण करायचा नाही. खालूनच पुष्कळ पाहता येते. मनोऱ्याखालच्या देवडीत भिंतीवर काही रेघा आणि वर्तुळे कोरलेली आहेत, त्यांच्यापाशी मी सगळ्यात जास्त थांबले. ती बाजाराची मापे आहेत. कापड मोजायचा गज, विटांचा आकार, आणि पावाचे आकार, शेजारी साल कोरलेले : १२७०, १३१७, १३२०. धान्य महागले की त्याच नाण्यात मिळणारा पाव लहान होई, म्हणून त्या त्या वेळी पाव केवढा असला पाहिजे हे सर्वांना दिसेल असे दगडात लिहून ठेवले. संशय आला तर गिऱ्हाइकाने पाव आणून तिथे लावून पाहावा. मी एका वर्तुळावर तळहात पसरून ठेवला तेव्हा वाण्याकडून आलेले धान्य घरच्या मापट्याने पुन्हा मोजून घेणारी तू डोळ्यांसमोर आलीस.

त्याच चौकात रविवार सोडून रोज सकाळी बाजार भरतो आणि उत्तरेच्या बाजूला आसपासचे शेतकरी स्वतःचा माल घेऊन बसतात. या दिवसांत द्राक्षे, अक्रोड, भोपळे आणि निळसर जांभळे आलुबुखार यांनी तो भरलेला असतो. द्राक्षांचा हंगाम नुकताच सुरू झालेला असल्याने आंबू लागलेला ताजा रसही विकायला असतो. त्यातून सतत वायू सुटत असल्यामुळे बाटलीचे झाकण सैल ठेवतात आणि बाटली उभीच धरून न्यावी लागते. त्यात मद्यार्क असतो, तेव्हा तो तुमच्यासाठी नाही. त्याबरोबर खातात तो कांद्याचा खारा केक आईला आवडेल, पण त्यात बहुधा डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात. ‘ओने श्पेक’ म्हणजे ‘मांस न घालता’ असे आधी विचारूनच घ्यायचा.

एक जागा मी तुम्हाला आवर्जून दाखवणार आहे. २७ नोव्हेंबर १९४४ च्या संध्याकाळी ब्रिटिश विमानांनी अर्ध्या तासाच्या आत या गावाचा जुना भाग जवळजवळ जमीनदोस्त केला आणि अडीच हजारांहून अधिक माणसे मेली. मनोरा मात्र उभा राहिला. शहराच्या बागेत तळ्याकाठी एका बदकाचे स्मारक आहे, ते १९५३ साली बसवले. हल्ल्याच्या आधी हा नर बदक इतका ओरडू लागला की काही लोक सावध होऊन आसऱ्याला गेले आणि वाचले, असे इथे सांगतात. आज दिसणारे बरेचसे ‘जुने’ गाव लोकांनी नंतर जुन्याच रस्त्यांवर पुन्हा उभारलेले आहे. हे कळल्यावर त्या गल्ल्यांकडे पाहण्याची माझी नजर बदलली.

आता ऋतूबद्दल. हे शहर जर्मनीतल्या सर्वांत उबदार शहरांपैकी एक आहे, त्यामुळे उन्हाळ्यात इथे येऊ नये. सप्टेंबरच्या शेवटी दुपारी अंगात फक्त सदरा पुरतो, दिवस-रात्र जवळपास सारखी असते आणि सूर्य सातनंतर मावळतो, म्हणजे संध्याकाळचा फेरफटका उजेडात होतो. मात्र सूर्य कलला की पूर्वेकडच्या दरीतून गार वारा गावात उतरतो, त्याला इथे ‘होलेन्टेलर’ असे नावच आहे. बाबांनी कानटोपी आणावी. झाडे पूर्ण रंगलेली पाहायची असतील तर ऑक्टोबरचा मध्य हवा, पण तेव्हा थंडी आणि पाऊस वाढतो, आणि तुमच्या खोकल्यापेक्षा पानांचा रंग मला महत्त्वाचा वाटत नाही. आत्ता फक्त सुरुवात आहे. मी ट्राम, बस आणि मग तारेवरच्या पाळण्याने १२८४ मीटर उंचीच्या शाउइन्सलांड डोंगरावर गेले. हा पाळणा १९३० पासून चालू आहे आणि साडेतीन किलोमीटरांहून लांब आहे. वर वाऱ्याने एका बाजूला वाकलेले बीच वृक्ष आहेत, त्यांची पाने कडांशी नुसती पिवळी होऊ लागली होती. खाली बागेत चेस्टनटची काटेरी हिरवी बोंडे पडून उकलली होती आणि आत पॉलिश केल्यासारखी तपकिरी बी होती. ती खायची नसते, पण हातात धरायला इतकी गुळगुळीत आणि गार की चार दिवस एक बी माझ्या कोटाच्या खिशात आहे.

नवरात्राचे घट कोण बसवणार, हा आईचा पहिला प्रश्न असेल. त्याबद्दल मी दादा-वहिनींशी बोलले आहे आणि ते आनंदाने करणार आहेत. आजोबांची तिथी कधी येते ते बाबांनी पुढच्या वर्षीचे पंचांग पाहून कळवावे, म्हणजे त्यानंतरचे तिकीट काढता येईल. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि त्यासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. तो मी इथून काढीन. परत निघण्याच्या तारखेनंतर निदान तीन महिने पासपोर्ट वैध असावा लागतो. बाबांच्या पासपोर्टची मुदत संपत आली असावी असे मला वाटते. कपाटातल्या हिरव्या फाइलमधून दोन्ही पासपोर्ट काढून पहिल्या आणि शेवटच्या पानाचे फोटो दादाला पाठवायला सांगा, आणि गुडघ्याच्या डॉक्टरांना दहा दिवस रोज किती चालणे चालेल हेही याच आठवड्यात विचारा.

तुमची लेक