साकीताई, त्या 74 मिनिटांसाठी

प्रिय साकी कुमागाई यांना,

सप्रेम नमस्कार.

ताई म्हटलं तर चालेल ना? आमच्या कोल्हापुरात मैदानावरच्या मोठ्या मुलीला ताईच म्हणतात. तुम्हाला मराठी येत नाही आणि मला जपानी. तरी ज्या भाषेत मी रडले, त्याच भाषेत आभार मानावेत असं वाटलं.

जग तुम्हाला एका पेनल्टीमुळे ओळखतं. 17 जुलै 2011, फ्रँकफर्ट, महिला फुटबॉल विश्वचषकाची अंतिम लढत. अमेरिकेनं दोनदा आघाडी घेतली, दोनदा जपाननं ती फेडली. दुसऱ्यांदा तर होमारे सावांनी 117 व्या मिनिटाला. मग टायब्रेकर, म्हणजे पेनल्टींवर फैसला, आणि शेवटी चेंडूपाशी तुम्ही, अवघ्या 20 वर्षांच्या. अमेरिकेची गोलरक्षक होप सोलोच्या हाताला न लागता चेंडू वरच्या कोपऱ्यात गेला आणि जपान पहिल्यांदा जगज्जेता झाला. शाळेत असताना तुम्ही सेंदाईला राहून खेळलात. त्याच भागाला चारच महिन्यांपूर्वी भूकंप आणि त्सुनामीनं उद्ध्वस्त केलं होतं. ती पेनल्टी मी किती वेळा पाहिली, याची गणती नाही.

पण हे आभार त्या पेनल्टीचे नाहीत.

मी स्टॉपर होते, म्हणजे गोलसमोरच्या मधल्या बचावातली. 2015 च्या हिवाळ्यात एका सामन्यात पहिल्या हाफमध्येच आमच्यावर चार गोल झाले. दोन माझ्या चुकीनं, त्यातला एक तर माझ्याच पायाला लागून आत. पाय दुखतोय असं सांगून मी बाहेर आले. पाय दुखत नव्हता. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय. घरी आले, बूट पिशवीत घालून माळ्यावर टाकले. आईनं विचारलं, तर परीक्षा जवळ आलीय म्हटलं.

दोन महिन्यांनी मामेभावानं त्याच्या मोबाइलवर एक जुना सामना लावून दिला. 5 जुलै 2015, व्हँकुव्हर. पुन्हा विश्वचषकाची फायनल, पुन्हा अमेरिका. तिसऱ्या मिनिटाला गोल, पाचव्याला गोल, चौदाव्याला, सोळाव्याला. चार शून्य! माझे हात गार पडले. तुम्ही मधल्या बचावात होता. 33 व्या मिनिटाला शेजारची जोडीदार इवाशिमिझू बाहेर गेली, रांग नव्यानं बसवावी लागली. तुम्ही मात्र शेवटपर्यंत मैदानात राहिलात.

भाऊ म्हणाला, पुढं पळव, संपलाय सामना. मी पळवला नाही. सोळाव्या मिनिटानंतरची 74 मिनिटं मी श्वास रोखून पाहिली. जपान 5-2 नं हरलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण फक्त त्या 74 मिनिटांचा हिशेब मांडला, तर जपानचे दोन गोल आणि अमेरिकेचा एक. जपानचा दुसरा गोल समोरच्या बचावपटूच्या डोक्याला लागून झाला, हे खरं. तरी हिशेब तोच. त्या रात्री मी बूट खाली काढले.

पुढं तुमचा माग सोडला नाही. वर्षाच्या आत, मे 2016 मध्ये, युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात लियाँ या फ्रेंच क्लबसाठी टायब्रेकरची निर्णायक पेनल्टी पुन्हा तुमचीच. लियाँकडून ती स्पर्धा तुम्ही सलग पाच वेळा जिंकलात.

पण मला त्याहून जवळची वाटते ती 2019 ची रेन शहरातली रात्र. विश्वचषकात नेदरलँड्सशी 1-1, सामना संपत आलेला, आणि चेंडू तुमच्या हाताला लागला. त्या पेनल्टीवर जपान बाहेर गेलं. तुम्ही कर्णधार होता. त्या रात्री तुमच्या मनात काय होतं, ते मला थोडं तरी कळतं असं वाटतं. त्याच वर्षी आशियातली सर्वोत्तम महिला खेळाडू म्हणून तुमची निवड झाली, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये तुम्ही पेनल्टी बॉक्सबाहेरून डाव्या पायानं गोल मारलात. मी घरात एकटीच ओरडले!

2022 च्या सुरुवातीला तर तुम्ही आमच्या दारात आलात. आशिया चषक महाराष्ट्रात होता आणि जपानचे साखळी सामने पुण्यात, बालेवाडीला. कोल्हापूरहून चार-पाच तासांचा रस्ता. करोनाचे दिवस होते, येणं जमलं नाही. 3 फेब्रुवारीला चीननं जादा वेळेत शेवटच्या घटकेला बरोबरी साधली आणि टायब्रेकरवर तुम्ही हरलात. एवढ्या जवळ असून मला एक टाळीही वाजवता आली नाही, ही रुखरुख आहेच.

आता मी सकाळी मुलींना शिकवते. गेल्या महिन्यात आमच्या तेरा वर्षांच्या स्टॉपरच्या पायातून चेंडू निसटला, तिसरा गोल झाला. तिनं माझ्याकडं पाहिलं, गुडघ्याला हात लावला. तो हात मी ओळखला. मी काही बोलले नाही, नुसती मान हलवली. ती क्षणभर थांबली, चेंडू जाळ्यातून उचलून मध्याकडं फेकला आणि हात वर करून बाकीच्या बॅकना पुढं बोलावलं.

ताई, मनापासून आभार.

तुमची,
कोल्हापूरची एक स्टॉपर