तुमच्या चित्रातला लाल क्रॉस

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत पुठ्ठ्याची चिलखतं बनवून घालणाऱ्या पोरांवर लेख आला होता, तो वाचला. घरात सगळ्यांनीच वाचला, कारण आमच्या घरात असं एक पोरगं आहे आणि असं एक चिलखत माळ्यावर पडलंय. लेखाबद्दल थोडं बोलायचंय, पण खरं पत्र लिहितोय ते लेखाशेजारच्या चित्रासाठी. हेल्मेटवाला सैनिक, आणि त्याच्या दंडावर पांढऱ्या गोलात ठसठशीत लाल क्रॉस. तीच चूक आम्ही दोन महिने आधी करून बसलोय म्हणून लगेच दिसली, नाहीतर मलाही काही वाटलं नसतं.

आधी लेखाचं. मी २६ वर्षं लोअर परळला एका प्रेसमध्ये बाइंडिंगला होतो, नंतर खोक्यांच्या डाय-पंचिंगला, म्हंजे पात्यांच्या साच्याने पुठ्ठा खोक्याच्या आकारात कापायला. त्यामुळे "कागद कापायचा, चिकटवायचा, रंग मारायचा की झालं" हे तुमचं वाक्य जरा लागलं. कागद कापायचा म्हंजे काय करायचं हे ज्याने कापलाय त्यालाच ठाऊक. माझा भाचा बारावीला आहे, शिकायला आमच्याकडेच असतो, विक्रोळीला कन्नमवार नगरात. मे महिन्यात एके दिवशी म्हणाला, मामा तुमचा तो कटर द्या ना. कशाला, तर कुठल्याशा व्हिडिओ गेममधला पुढच्या काळातला एक सैनिक आहे, लढाईत जखमींना उचलून आणणारा मेडिक, त्याचं अंगभर चिलखत करायचंय, ऑगस्टमध्ये वडाळ्याला एका कॉलेजचा फेस्टिवल आहे तिथे घालायला. मी म्हटलं घे. मला वाटलं आकाशकंदिलासारखं काहीतरी असेल.

तसं ते आकाशकंदिलाच्याच जातीचं आहे, फक्त शंभरपट किचकट. पेपाकुरा नावाचं एक जपानी सॉफ्टवेअर आहे, ते कॉम्प्युटरमधलं थ्रीडी मॉडेल उलगडून सपाट तुकडे करून देतं. पपई सोलून तिची साल जमिनीवर पसरली तर कशी दिसेल, तसं. तुकड्यांच्या प्रत्येक कडेला नंबर असतो, ४७ ला ४७ च जोडायचा, बाजूला चिकटवायला छोट्या पाकळ्या, आणि घडीच्या दोन तऱ्हेच्या तुटक रेषा, एकीवर घडी बाहेर मोडायची दुसरीवर आत, पोरं त्याला डोंगर घडी नि दरी घडी म्हणतात. हे बघून मी खुर्ची ओढून बसलोच, कारण खोक्याच्या डायचं ड्रॉइंग असंच असतं, औषधाचं खोकं घ्या नाहीतर मिठाईचं, सपाट पसरलं की हेच. भाच्याला वाटत होतं आपण काहीतरी एकदम नवीन आणलंय. मी त्याला फक्त दोन गोष्टी दिल्या, एक घडी दाबायची जुनी पट्टी आणि दुसरं म्हंजे ग्रेन, कागदातल्या तंतूंची दिशा, बघायची सवय. कार्डशीट एका बाजूने गुपचूप वळतं, दुसऱ्या बाजूने वळवलं की कडेला फाटून केस निघतात. हेल्मेटचे लांब तुकडे ग्रेनच्या उलट छापलेस तर घडी कधीच सरळ येणार नाही म्हटलं, आणि तो पहिल्या दिवशी हसला, दुसऱ्या दिवशी सगळे तुकडे फिरवून परत छापून आणले.

परत छापण्यावरून आठवलं. आमचं पहिलं हेल्मेट वाया गेलं ते झेरॉक्सवाल्यामुळे, म्हंजे खरं आमच्याच अडाणीपणामुळे. अर्धी पानं एका दिवशी छापली, अर्धी पाऊस होता म्हणून दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दुकानात. दुसऱ्या दुकानात "फिट टू पेज" चालू होतं. पान बसवायला मशीनने सगळं थोडं लहान केलं, नुसत्या डोळ्याला कळतही नाही, पण ३१ नंबरची कड ३१ नंबरला लावायला गेलं की चार मिलिमीटर कमी. आम्ही दोघं रात्री एक वाजेपर्यंत ओढून ओढून चिकटवत होतो, मग बहीण उठून आली नि म्हणाली अरे पट्टी लावून बघा की. लावली. मग झोपलो. तेव्हापासून प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात दहा सेंटिमीटरची एक रेघ टाकतो, छापून आलं की आधी ती मोजायची, दहा भरली नाही तर पैसे द्यायचे नाहीत.

आणि जुलै. मुंबईत जुलैमध्ये कागदाचं काम करू नये, आमच्या प्रेसमध्ये सुद्धा कागद आणला की दोन दिवस गुंडाळलेलाच ठेवायचे. २२० जीएसएमचं कार्डशीट संध्याकाळपर्यंत पापडासारखं सादळायचं. हेल्मेट टणक करायला त्यावर रेझिन, म्हंजे सुकल्यावर कडक होणारं पातळ रसायन, लावतात आणि आतून फायबरग्लासची जाळी. रेझिनचा वास डोक्यात जातो, घरात करायची गोष्टच नाही, म्हणून गच्चीवरच्या पत्र्याखाली मास्क नि हातमोजे घालून. पण नुसतं रेझिन फासलं की ओला कागद वाटेल तसा वाकतो, सुकला की तसाच राहतो. आमचा दुसरा टोप असा डाव्या गालाकडे तिरका झाला की घातल्यावर पोरगं सारखं कोणालातरी "काय म्हणालात?" विचारतंय असं वाटायचं. तिसऱ्या वेळी आतून कानापासून कानापर्यंत आणि कपाळापासून मानेपर्यंत पुठ्ठ्याच्या आडव्या पट्ट्या मारल्या, मग रेझिन, मग सुकल्यावर पट्ट्या काढल्या. सरळ आला. छाती, पाठ, मांड्या मात्र कागदाच्या नाही केल्या, त्याला ईव्हीए फोम, तोच जो चपलेच्या सोलला लागतो. तो ठक्कर बाप्पा कॉलनीतून आणला, तिथल्या एका कारागिराने फोम कापताना सुरी तिरकी कशी धरायची ते पाच मिनिटात दाखवलं, चहा पण पाजला. कागदाचे नमुने तेच, फक्त पाकळ्या कापून टाकायच्या, फोमवर ठेवून पेनाने आखायचं, हीट गनने गरम करून मांडीवर दाबून गोलाई आणायची. यात "झालं" कुठे येतं ते लेखकाने सांगावं. असो.

आता क्रॉस. मेडिक म्हटलं की लाल क्रॉस हवाच. गेममध्ये काहीही असो, आमच्या डोक्यात तेच. स्टेन्सिल मीच कापली, बाइंडरचा हात, कडा एकदम धारदार, साडेचार सेंटिमीटरचा क्रॉस. पांढरा गोल मारून त्यावर लाल. दोन्ही खांद्यांवर. मला तर सगळ्या चिलखतात तोच भाग आवडला होता.

ऑगस्टमध्ये फेस्टिवलला निघालो. टोप नि छाती मोठ्या पिशवीत, खांद्याचे पॅड पिशवीत मावेनात म्हणून पोराने टीशर्टवरच चढवले, कमरेला पाऊचचा पट्टा. लगेजच्या डब्यात चढलो तर एका मावशीने टोपलीवरून विचारलं पण, कुठल्या मंडळाचा देखावा रे बाळा. कुर्ल्याला उतरलो हार्बर पकडायला. पाऊस पडून गेलेला, पुलाच्या पायऱ्यांवर चिखल. आमच्या पुढे एक म्हातारे गृहस्थ घसरले आणि कपाळ पायरीच्या कडेवर आपटलं. रक्त यायला लागलं, भरपूर. आणि लोकांनी काय केलं सांगू, कोणीतरी मागून ओरडलं, अरे हा बघा मेडिकलवाला आहे, त्याला पुढे जाऊ द्या. गर्दीने खरोखर वाट दिली. कुर्ल्याच्या पुलावर, सकाळी साडेनऊला! म्हाताऱ्या गृहस्थांनी पण मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या खांद्याकडे. पोरगं तिथे उभं. कमरेच्या चार पाऊचमध्ये काय होतं, तर ते फुगलेले दिसावेत म्हणून कोंबलेले पेपरचे बोळे. तुमच्याच पेपरचे. शेवटी एका बाईने ओढणी घडी करून कपाळावर दाबून धरली, हमाल स्ट्रेचर घेऊन आले नि त्यांना घेऊन गेले. फेस्टिवलला गेलो आम्ही, पण पोराने खांदे चढवलेच नाहीत, नुसता टोप घालून फिरला.

घरी आल्यावर हे सगळं आमच्या मजल्यावरच्या काकांना सांगितलं. काका आर्मी मेडिकल कोअरमधून नर्सिंग असिस्टंट म्हणून रिटायर झालेत, म्हंजे भाचा ज्याचं सोंग घेत होता ती नोकरी त्यांनी केलीय. त्यांनी खांदा हातात घेतला, उलटसुलट बघितला, काम छान आहे म्हणाले, आणि मग म्हणाले हा क्रॉस मात्र खरवड. आम्हाला वाटलं त्यांना सोंगाचा राग आलाय. तर नाही. म्हणाले, ही खूण डॉक्टरची नाही, औषधाची पण नाही, ही "मला मारू नका" याची खूण आहे. समोरच्याच्या बंदुकीला कळायला हवी म्हणून ती कोणी उगीच लावायची नसते.

मग आम्ही शोधत बसलो. १८५९ साली इटलीत सोल्फेरिनोची लढाई झाली, जखमी तसेच मैदानात पडून राहिले, ते जिनिव्हाच्या हेन्री ड्युनंट नावाच्या व्यापाऱ्याने पाहिलं, त्याच्या धडपडीतून रेडक्रॉस निघालं, आणि १८६४ ला पहिला जिनिव्हा करार झाला त्यात ही खूण ठरली. आणि आपल्याकडे कायदा आहे चक्क, जिनिव्हा कन्व्हेन्शन्स अॅक्ट १९६०, कलम १२, केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय लाल क्रॉस कोणी वापरायचा नाही. दंड पाचशे रुपयांपर्यंत, शिवाय ज्या मालावर ती खूण लावलीय तो माल जप्त होऊ शकतो. पाचशेचं ऐकून भाचा हसला, जप्तीचं ऐकून त्याने चिलखत उचलून आतल्या खोलीत ठेवलं. हे फक्त आपल्याकडेच नाही, २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या एका व्हिडिओ गेमवाल्यांना तिथल्या रेडक्रॉसने कळवलं होतं की तुमच्या गेममधल्या अँब्युलन्सवरचा लाल क्रॉस काढा, आणि तो क्रॉस स्क्रीनवर चारदोन ठिपक्यांएवढा होता, त्यांनी काढला.

भाचा म्हणाला मग रंग उलटे करू, लालवर पांढरा क्रॉस. मला पटलं सुद्धा. पण तो स्वित्झर्लंडचा झेंडा, त्याच कलमात तो पण येतो! मुळात रेडक्रॉसची खूणच स्विस झेंड्याचे रंग उलटे करून झालेली आहे. शेवटी हिरव्यावर पांढरा क्रॉस केला, प्रथमोपचाराची जगभर चालणारी पाटी तीच आहे, कारखान्यात फर्स्ट एडच्या पेटीवर असते ती. खरवडताना सॅंडपेपरने फोम थोडा खाल्ला गेला, डाव्या खांद्यावर अजून खड्डा दिसतो. पाऊचमधले बोळे काढून त्यात खरं बँडेज, गॉज, कात्री, हातमोजे भरले, आणि काका दर रविवारी त्याला जखम कशी दाबायची, पट्टी कशी बांधायची ते शिकवतात, माझ्या डोक्यावर. छातीवर गेममध्ये कुठलंतरी इंग्रजी नाव आहे तिथे त्याने "कोटणीस" लिहिलंय. हे काकांनी सुचवलं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, शिकले आपल्या परळच्या जी. एस. मेडिकलला, १९३८ ला पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि जखमी सैनिकांवर उपचार करत १९४२ ला तिथेच वारले, वय ३२. भाच्याला हे माहीत नव्हतं. मलाही नाव सोडलं तर फार माहीत नव्हतं.

हे कळल्यापासून मला जाईन तिथे लाल क्रॉस दिसतो. स्टेशनपासून घरापर्यंत मोजले तर अकरा निघाले, केमिस्टचे बोर्ड, डॉक्टरांच्या गाड्यांच्या काचा, एक तर चक्क गुरांच्या औषधाचं दुकान. मी कोणाला बोलायला गेलो नाही, आपणच कालपर्यंत स्टेन्सिल कापत होतो. पण पेपर लाखो लोकांच्या हातात जातो, म्हणून तुम्हाला लिहितोय. दंडावरचा तो क्रॉस पुढच्या वेळी नका छापू, आणि मंगळवारच्या आरोग्याच्या पानावर वरच्या कोपऱ्यात जो छोटा असतो तो पण बघा. जमलं तर चार ओळी खुलासा छापा, चित्रकाराला दोष न देता, त्यालाही कोणी सांगितलं नसणार.

चित्रकाराला हवी असेल तर हिरव्या पट्ट्यावरच्या पांढऱ्या क्रॉसची फाइल पाठवून देतो, साडेचार सेंटिमीटरचीच आहे. छापताना फक्त "फिट टू पेज" बंद आहे ना ते बघायला सांगा.

आपला नेहमीचा वाचक,
कन्नमवार नगर, विक्रोळी पूर्व, मुंबई